हरणांचे नऊ दिवस

नोव्हेंबर लागला की मॅडिसनमधल्या पेट्रोलपंपापासून किराणा दुकानापर्यंत सगळीकडं एकच रंग लटकायला लागतो. डोळ्यांत खुपणारा नारिंगी. टोप्या, बंड्या, हातमोजे, कुत्र्यांचे पट्टेसुद्धा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी अमेरिकेतल्या या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीनं हरीण मारायचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि साडेपाच लाखांच्या आसपास माणसं रानात शिरतात. त्या सोमवारी ऑफिसात कितीतरी खुर्च्या रिकाम्या दिसतात. गणपतीत कोकणातल्या माणसाला कोणी काम सांगत नाही, तसं त्या आठवड्यात इथं कोणी कोणाला काही विचारत नाही.

मी भंडारदऱ्याचा, म्हणजे नेमकं सांगायचं तर शेंडीचा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. माझ्या पिढीनं शिकारीच्या गोष्टी दबक्या आवाजातच ऐकल्या. वाघर कशी लावायची, हाका कुठून घालायचा, हे म्हातारी माणसं सांगायची, पण अंगणात कोणी परका नाही ना, हे आधी बघून. रात्री रतनवाडीच्या बाजूनं भेकर ओरडायचं. कानावर यायचं, नजरेला क्वचितच पडायचं.

त्यामुळं मुलीनं मैत्रिणीबरोबर शिकारीच्या सुरक्षिततेच्या वर्गाला जायचं म्हटलं तेव्हा माझं उत्तर तयार होतं. फोनवर आईनंही माझीच री ओढली. "आरं, पोरीच्या हातात बंदूक कशापायी देतोस? तिथं भाजी मिळंना व्हय?" बायकोचं म्हणणं वेगळं होतं. ज्या रानात आपण फिरायला जातो, त्याच रानात ही माणसं बंदुका घेऊन येतात. त्यांना काय शिकवतात ते आपल्याला ठाऊक नको? या मुद्द्यावर बोलायला मला जागाच उरली नाही. मुलीसोबत मीही जाऊन बसलो.

१ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला हा वर्ग पास झाल्याशिवाय विस्कॉन्सिनमध्ये सहसा शिकारीचा परवाना मिळत नाही; अनुभवी माणसाच्या हाताखाली शिकणाऱ्याला तेवढी सवलत आहे. शिकवणारे सगळे स्वयंसेवक. सगळा वर्ग चार नियमांभोवती फिरतो. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. नळी कायम सुरक्षित दिशेला धरा. समोर नक्की काय आहे आणि त्याच्या पलीकडं काय आहे, याची खात्री करा. गोळी झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर ठेवा. कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी करायची. झाडावरच्या मचाणावर चढताना अंगावर पट्ट्यांचा सुरक्षा-साज हवाच, आणि बंदूक खांद्याला अडकवून चढायचं नाही. ती रिकामी करून मागाहून दोरीनं वर ओढून घ्यायची. हरणाच्या हंगामात गोळीइतकंच मचाणावरून पडणंही माणसाला महागात पडतं, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं.

तिसऱ्या नियमाशी मात्र मी अडकलो. आपल्या पुराणांतल्या शिकारीच्या गोष्टी आठवून बघा. दशरथानं आवाजाच्या रोखानं बाण सोडला आणि घडा भरणारा श्रावणबाळ पडला. पंडूला हरणांची जोडी दिसली, तो निघाला किंदम ऋषी. आणि सगळ्यांत शेवटी जरा नावाचा पारधी: झाडाखाली टेकलेल्या श्रीकृष्णाचा पाय त्याला हरीण वाटला. तिन्ही वेळा चूक एकच. नेम अचूक होता, समोर कोण आहे याची खात्री नव्हती. आम्ही या कथा शाप आणि प्रारब्ध म्हणून ऐकल्या. इथल्या शिक्षकानं ऐकल्या असत्या तर अपघाताचा अर्ज भरायला घेतला असता.

त्यानं सांगितलेली गोष्ट कलियुगातली होती. १९८८ साली मेन राज्यात एक तरुण आई आपल्याच घराच्या परसात उभी होती. हातात पांढरे मोजे. इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणानं पळताना शेपटी उभारली की तसाच पांढरा झपका दिसतो. शिकाऱ्यानं गोळी झाडली आणि ती बाई गेली. पुढं ज्युरीनं शिकाऱ्याला निर्दोष सोडलं. राज्यात मोठा वाद झाला आणि त्यातून लक्ष्य ओळखल्याशिवाय गोळी झाडणं हाच गुन्हा ठरवणारा कायदा तिथं आला.

विस्कॉन्सिनचे आकडे बोलके आहेत. १९६६ साली इथं दर लाख शिकाऱ्यांमागं ४४ जण जखमी होत किंवा मरत. १९६७मध्ये प्रशिक्षण सुरू झालं, १९८०मध्ये बंदुकीच्या हंगामात नारिंगी कपडे सक्तीचे झाले: कमरेच्या वर निम्मा पेहराव तरी त्या रंगाचा (आता झगझगीत गुलाबीही चालतो) हवा. आता हे प्रमाण लाखामागं जेमतेम तीन-चारवर आलं आहे. काही हंगाम तर गोळीनं एकही बळी न जाता पार पडले. जे अपघात होतात ते राज्याचं निसर्गसंपदा खातं दर वर्षी प्रसिद्ध करतं. गोळी कशी सुटली, काय चुकलं, सगळं लिहिलेलं. बऱ्याच घटनांत गोळी झाडणारा आणि गोळी लागणारा एकच. उरलेल्यांत एक प्रकार पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे काही जणांनी हाका घालायचा आणि काहींनी पुढं दबा धरायचा.

इथं मला पालघर आठवतं. २०२५च्या जानेवारीअखेर मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या मागावर गेले. डुक्कर समजून झाडलेली गोळी सोबत्यालाच लागली. तो मेला. बाकीच्यांनी पोलिसांना न कळवता मृतदेह जंगलातच दडवला; काही दिवसांनी प्रकरण बाहेर आलं. शिकार हाच गुन्हा, तर अपघात सांगणार कोण आणि कोणाला?

बंदी उठवा असं मी म्हणत नाही. १९७२चा वन्यजीव कायदा आणि शिकारीचे परवाने बंद करणारी १९९१ची दुरुस्ती नसती, तर आमच्या खोऱ्यात भेकर आज ऐकूही आलं नसतं. नगर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे, अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं. तेवढ्या जागेत जगणाऱ्या प्राण्याला शिकारीचा हंगाम परवडत नाही. विस्कॉन्सिनचं दुखणं उलटं आहे: मक्याच्या शेतांवर हरणं पोसली जातात, माजली आहेत, आणि शिकारी कमी होत चालले आहेत. शिवाय बंदुका-काडतुसांवरच्या करातून १९३७पासून वन्यजीव रक्षणाला पैसा मिळतो. तो हिशेब सह्याद्रीला लागू होत नाही. पण गोळी चुकून लागली तर आधी माणूस दवाखान्यात न्या, गुन्ह्याचं नंतर बघू, एवढं गावोगाव सांगायला वनखात्याला कोणता कायदा आडवा येतो? बंदी आहे म्हणजे शिकार होतच नाही, असं धरून चालणं मला तरी धोक्याचं वाटतं.

आता इकडं राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी. आपल्याला डोंगर चढायची खोड. पानं झडली तरी आपण डेव्हिल्स लेक स्टेट पार्कला जातोच, तेही काळी-करडी जाकिटं घालून. २०१३पासून विस्कॉन्सिनच्या अनेक स्टेट पार्कांत ठरावीक दिवशी शिकारीला मुभा आहे. फिरणाऱ्यावर नारिंगीची सक्ती नाही, म्हणून कोणी सांगतही नाही. तेव्हा मराठी मंडळाच्या नोव्हेंबरच्या सहलीच्या निरोपात पाणी आणि डबा यांच्याखाली एक ओळ वाढवा: प्रत्येकाला, कडेवरच्या पोरालाही, नारिंगी टोपी किंवा बंडी, पांढरे मोजे घरीच ठेवा.