प्रायव्हेट नंबर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मागच्या आठवड्यात पाचोऱ्याला घरी गेलो होतो. रविवारची सकाळ, आईने कळण्याची भाकरी आणि ठेचा केलेला. मी जेमतेम दुसरा घास घेतोय तोवर आप्पांचा फोन वाजला. आप्पांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे त्यांचा प्रत्येक फोन स्पीकरवर असतो आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जातो.

"सर, बँकेतून बोलतोय. तुमचं केवायसी आज बंद होणार आहे. मोबाईलवर एक नंबर आला असेल, तेवढा सांगा."

मी ताटावरून उठणार होतो, तेवढ्यात आप्पांनी हाताने 'बैस' अशी खूण केली.

"सांगतो की. पण आधी तुमचा नंबर द्या."

त्या मुलाने बिचाऱ्याने मोबाईल नंबर सांगितला.

"तो नव्हे हो! प्रायव्हेट नंबर. मी नंबर द्यायचा, तर तुम्हीही द्यायला पाहिजे ना? लाइन क्लिअर काय एकतर्फी असते का?"

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग फोन बंद. आप्पा शांतपणे म्हणाले, "याच्याजवळ शीट नाही. वाढ गं भाकरी."

आमच्या नातेवाइकांना यातली गंमत लगेच कळेल, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आप्पा रेल्वेत स्टेशन मास्तर होते. नोकरीचा बराच काळ जळगाव-उधना मार्गावरच्या लहान लहान स्टेशनांत गेला. तेव्हा तो मार्ग एकेरी होता. एकेरी मार्गावर समोरासमोरून दोन गाड्या सोडल्या तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनला फोन करून विचारायचं, लाइन मोकळी आहे का? आता फोनवर कोणीही 'हो हो, सोडा' म्हणेल. अर्धवट झोपेत म्हणेल, दुसऱ्याच गाडीबद्दल म्हणेल. त्यासाठी प्रत्येक स्टेशनला एक छापील कागद दिलेला असे. त्यावर दोन आकडी संख्या उलटसुलट क्रमाने छापलेल्या. होकार देताना यादीतली पुढची संख्या सांगायची, तिच्यासमोर गाडीचा नंबर लिहायचा आणि ती संख्या खोडायची. ऐकणाऱ्याने ती आपल्या रजिस्टरात नोंदवायची. एकदा वापरलेली संख्या पुन्हा चालत नाही. कागद कुलपात ठेवायचा, ड्यूटी बदलताना सही करून सोपवायचा. याचं नाव प्रायव्हेट नंबर. रेल्वेच्या फाटकावरचा गेटमनही फाटक लावलं की असाच नंबर देतो.

मी नेटवर्क सांभाळणारा माणूस. गेली वीसेक वर्षं राउटर, फायरवॉल, सर्व्हर हेच चाललंय. पण एकदाच वापरायचा सांकेतिक आकडा, तो नोंदवायची वही आणि तो कुलपात ठेवायची शिस्त हे सगळं आमच्या घरात संगणक यायच्या कितीतरी आधीपासून होतं, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर लागला. आणि लक्षात आलं तेही स्वतःचं नाक कापून घेतल्यावर! ती गोष्ट आजवर फक्त तीन माणसांना माहीत होती. आज सांगूनच टाकतो.

२०१६ चा डिसेंबर. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन जळगावला होतं. मी पुण्याच्या एका कंपनीत होतो (नाव नको), दीडएकशे संगणकांचा कारभार माझ्याकडे. पंधरा दिवसांची रजा मिळाली, पण 'काही अडलं तर बघशील ना' या बोलीवर. कंपनीच्या आत शिरायला व्हीपीएन होतं. म्हणजे इंटरनेटवरून जाणारा, ओळख पटवून उघडणारा बंदिस्त बोगदा. पण पाचोऱ्याच्या घरात तेव्हा माझ्याकडे होतं एक डोंगल, आणि त्यावर ते व्हीपीएन दर पाच मिनिटांनी तुटायचं. पहिल्या रात्री वैताग आला. मग मी फायरवॉलमध्ये एक छोटंसं भोक पाडलं. सर्व्हरचं रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडं केलं. नेहमीचा ३३८९ पोर्ट बदलून दुसरा आकडा दिला, म्हणजे कोणाला सापडायचं नाही अशी समजूत! पासवर्ड होता कंपनीचं नाव आणि वर्ष. फक्त दोन दिवसांसाठी, असं मनाशी म्हटलं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा भोकातून कोण येणार? मंडळी, इंटरनेटवर कोणी येत नाही, यंत्रं येतात. दिवसरात्र प्रत्येक पत्त्याचं प्रत्येक दार ठोठावत फिरत असतात. उघडं सापडलं की हजारो पासवर्ड लावून बघतात. पोर्टचा आकडा बदलणं म्हणजे दाराला कुलूप न लावता दारावरची पाटी काढून ठेवणं.

दोन दिवसांचे पाच झाले. ऑपरेशनच्या धावपळीत मी ते भोक विसरलो. सहाव्या दिवशी सकाळी ऑफिसातून फोन, हिशोबाच्या फाइली उघडत नाहीत. सगळ्या फाइलींची नावं बदललेली आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी, बिटकॉइन द्या, फाइली घ्या. रॅन्समवेअर. बॅकअपची डिस्क सर्व्हरलाच कायम जोडलेली होती, त्यामुळे तीही गेली.

पण खरी लाज पुढे आहे. मी लॉग उघडून पाहिले आणि दहा मिनिटांत कळलं की ते माझ्याच भोकातून आले होते. त्याच वेळी ऑफिसात सगळ्यांचा संशय माझ्या हाताखालच्या एका मुलावर गेला होता. त्याने आदल्या दिवशी कुठलातरी फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला होता. साहेब फोनवर म्हणाले, "त्यानेच घाण केली ना?" आणि मी म्हणालो, "बघतो."

'बघतो'! तो एक शब्द मला दीड दिवस पुरला. दीड दिवस त्या पोराला सगळे टाकून बोलत होते, आणि तो मलाच फोन करून रडवेल्या आवाजात विचारत होता, "दादा, माझ्यामुळे झालं का हो?" मी त्याला 'तपास चालू आहे' सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पांबरोबर स्टेशनवर गेलो. तेव्हा जामनेरची पीजे चालू होती. २०२० मध्ये बंद पडली ती. छप्पन्न किलोमीटरची आमची छोटी गाडी. ती येऊन थांबेपर्यंत आम्ही बाकावर बसलो होतो. आप्पांनी विचारलं, "काय भो, आईचं सगळं ठीक झालं, मग तोंड का पाडलं?" मी सांगून टाकलं. पोर्ट वगैरे त्यांना कळलं नसावं, पण 'दोन दिवसांसाठी' हे बरोबर कळलं.

ते म्हणाले, नोकरीच्या सुरुवातीला एका स्टेशनवर गेटमन म्हातारा होता. रात्री पुन्हा पुन्हा उठवायला नको म्हणून तो आप्पांना पुढचे चार-पाच नंबर संध्याकाळीच चिठ्ठीवर लिहून द्यायचा. गाडी आली की आप्पा स्वतःच एक नंबर रजिस्टरात चढवायचे. दोघांची सोय! कागदावर सगळं चोख. एका रात्री नंबर चढला, पण फाटक उघडंच होतं आणि रुळावर कापसाची बैलगाडी. ड्रायव्हरला लांबून कंदील दिसला म्हणून गाडी थांबली.

"मग?"

"मग काय. कोणाला काही झालं नव्हतं. गेटमनवर ढकललं असतं तर खपलंही असतं. पण सकाळी मीच लिहून दिलं. पगारवाढ अडकली. म्हातारा मात्र नोकरीवर राहिला."

एवढंच बोलले. मला उपदेश वगैरे काही केला नाही. पीजे आली, माणसं उतरली, आम्ही घरी आलो. घरी येताच मी साहेबांना फोन केला आणि नंतर त्या मुलाला. साहेब बोलायचं ते बोलले. नोकरी राहिली, बढती गेली. कंपनीने पैसे दिले नाहीत. हिशोबाच्या बाईंनी स्वतःच्या सवयीने एका डिस्कवर घेतलेली प्रत त्यांच्या कपाटात सापडली, एकोणीस दिवस जुनी. ते एकोणीस दिवस सगळ्यांनी बसून पावत्यांवरून पुन्हा भरले. मीही भरले.

(पुढच्याच वर्षी, जून २०१७ मध्ये, नॉटपेट्या नावाच्या हल्ल्यात मर्स्क ही जहाज कंपनी जगभर ठप्प झाली. न्हावाशेवा बंदरातलं तिचं टर्मिनलही अडकलं. तिच्या नेटवर्कची सगळी ओळखपाळख ठेवणारे सर्व्हर जगभर एकदम गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण तिथे तेव्हा वीज गेली होती! लोडशेडिंगचं एवढं कौतुक मी आयुष्यात पहिल्यांदाच केलं. जी प्रत जोडलेली नाही तीच खरी प्रत.)

मग आला ऑगस्ट २०१८. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर दरोडा पडला. ११ ऑगस्ट, दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, भारतातून आणखी अडीच कोटी, आणि १३ तारखेला स्विफ्टमार्गे जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगला. एकूण सुमारे ९४ कोटी. आप्पांनी पेपर वाचून मला फोन केला, "एवढ्या एटीएमनी पैसे दिले कसे?"

मी समजावलं. एटीएममध्ये कार्ड घातलं की विचारणा बँकेच्या स्विचकडे जाते. स्विच बँकेच्या मुख्य संगणकाला विचारतो, खात्यात पैसे आहेत का, आणि उत्तर परत पाठवतो. चोरांनी बँकेच्या नेटवर्कमध्ये शिरून मध्येच स्वतःचा खोटा स्विच बसवला. तो मुख्य संगणकाला काही विचारतच नव्हता. येईल त्या विचारणेला 'हो, द्या' म्हणत होता. ग्राहकांच्या खात्यांना धक्काही लागला नाही, कारण खात्यापर्यंत प्रश्न पोचलाच नाही.

आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पुढच्या स्टेशनच्या नावाने भलताच कोणी लाइन क्लिअर देत होता. आणि त्याचा नंबर कोणी तपासलाच नाही."

या प्रकरणावर नंतर मोठमोठे अहवाल वाचले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने एटीएममधून पैसे काढणाऱ्या टोळीतल्या अकरा जणांना शिक्षाही दिली. पण आप्पांच्या त्या दोन वाक्यांपेक्षा नेमकं मला अजून कुठे सापडलं नाही. आत आलेला तो आपलाच, आतून आलेला होकार तो खराच, हे गृहीत धरलं की संपलं.

आता माझ्या हाताखाली सहा मुलं आहेत. नवीन आलेल्याला मी दोनच गोष्टी आधी सांगतो. पहिली, 'दोन दिवसांसाठी' उघडलेल्या प्रत्येक दाराची वहीत नोंद करायची, आणि ते कधी बंद होणार ती तारीख उघडण्याआधी लिहायची. दुसरी, चूक झाली तर मला रात्री दोनला उठवलं तरी चालेल, ओरडणार नाही. लपवली तर मात्र चालणार नाही. दुसरी गोष्ट सांगताना माझा आवाज अजून थोडा अडखळतो. तो मुलगा आता दुसरीकडे मोठ्या जागेवर आहे. दिवाळीला त्याचा फोन येतो. 'दादा' म्हणतो. त्या दीड दिवसाबद्दल त्याने कधी काही विचारलं नाही.

असो. तर नातेवाईक मंडळींसाठी: बँक फोनवरून ओटीपी कधीच मागत नाही. चुकून दिला गेला आणि पैसे गेले, तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर सांगाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आणि त्या रविवारी जेवण झाल्यावर आप्पांनी आपली वही काढली, त्या मुलाचा मोबाईल नंबर आणि वेळ लिहिली आणि समोर शेरा मारला, 'नंबर दिला नाही. गाडी सोडली नाही.'