भोके पडलेला कोबी

भाऊबीजेला बहिणीला काय न्यावे, हा प्रश्न गेल्या वर्षी मला पडलाच नाही. परसातल्या कोबीचे दोन थोरले गड्डे न्यायचे, असा बेत मी श्रावणातच करून ठेवला होता.

भाद्रपदात रोपे लावली. महिनाभरात पानांवर अभ्रकासारखे पारदर्शक ठिपके दिसू लागले. पान उलटून पाहतो, तर नखाएवढी, दोन्ही टोकांना निमुळती हिरवी अळी! हात लावताच ती वळवळत मागे सरकली आणि तंतूला धरून खाली लोंबकळू लागली. माझी फजिती पाहत ती झोके घेत आहे, असे मला उगीचच वाटले.

दुकानदाराने औषध दिले. अळ्या हटल्या नाहीत. मग त्याहून जालीम औषध आणले, मग तिसरे. पुढे वाचनात आले, की हा चौकोनी ठिपक्यांचा पतंग. पंख मिटून बसला, की पाठीवर पांढुरके चौकोन दिसतात म्हणून हे नाव. जावा बेटावर तो डीडीटीला दाद देईनासा झाल्याची नोंद १९५३ सालची आहे! उष्ण हवेत दोनतीन आठवड्यांत याची नवी पिढी उभी राहते. फवाऱ्यातून वाचलेल्यांचीच प्रजा वाढते आणि अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या मात्र मरतात. पदरचे पैसे खर्चून मी चिवट अळ्यांचे बियाणेच तयार करीत होतो म्हणा ना!

भाऊबीजेला बहिणीने गड्डा हातात घेतला. एकही भोक नव्हते.

“दादा, औषध कधी मारलंस रे?”

“परवा.”

तिचे दोन वर्षांचे पोर पदराला धरून उभे होते. फवाऱ्यानंतर किती दिवस थांबायचे, हे डब्यावर लिहिलेले मी वाचलेच नव्हते. ओवाळणी घातली आणि पिशवी तशीच परत आणली.

यंदा लावणीआधी पंधरा दिवस वाफ्याच्या कडेने मोहरी पेरली. पतंगाला कोबीहून मोहरी प्यारी. अंडी घालायला तो तिकडे वळतो. मावाही तिथेच गोळा होतो. शेतात पंचवीस ओळी कोबीमागे दोन ओळी मोहरी लावतात. पावशेर निंबोळ्यांची भुकटी पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारतो. उरलेल्या अळ्या सकाळी हाताने वेचतो.

गड्डे आता भरत आले आहेत. बाहेरच्या पानांना थोडी भोके आहेत. भाऊबीजेला जाताना ती पाने मी खुडणार नाही.