हजेरीपटाबाहेरचा उन्हाळा

मार्चअखेरीस लेकीच्या घरी सर्वेक्षणाचे गुरुजी आले आणि नातवाच्या नावापुढे त्यांनी ‘शाळाबाह्य’ असं लिहिलं. ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. पोरगं तेव्हा ओसरीवर बसून अपूर्णांकांची उदाहरणं सोडवत होतं. गुरुजी तरुण, स्वभावानं गरीब. त्यांनी वहीसुद्धा हातात घेऊन पाहिली, अक्षर चांगलं आहे म्हणाले. मग लेकीला म्हणाले, “शाळंत नाव नाही म्हणल्यावर शाळाबाह्यच लिहावं लागतंय ताई. दुसरा रकानाच नाही.”

घर धाराशिव जिल्ह्यातल्या, तेरणेच्या काठच्या एका गावातलं. जावई सोयाबीन, हरभरा करतो, दारात चार-पाच उस्मानाबादी शेळ्या आहेत. लेक डी.एड. झालेली. पण शिक्षकभरती इतकी वर्षं रखडली की तिचं शिकणं कागदावरच राहिलं. २०२१ च्या जूनमध्ये थोरला पहिलीत जायचा, तर शाळा कोरोनामुळे बंद. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबरला, जानेवारीत पुन्हा बंद झाले. तोवर पोरगं घरीच वाचायला लागलं होतं. लेकीनं मग त्याला घरीच शिकवायचं ठरवलं, पुढं धाकटीलाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त बाई. मला हे पसंत नव्हतं आणि मी ते तोंडावर सांगितलं होतं.

तरीही त्या रकान्याचा मला राग आला. का, ते नीट सांगते.

कळंब, वाशी, भूम या तालुक्यांतल्या शाळांना दसरा-दिवाळीनंतर वर्ग रिकामे होताना बघायची सवय आहे. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा कोयता ठरलेला असतो, ट्रॅक्टर येतो आणि टोळी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे नाहीतर कर्नाटकात निघते. मुलांनी गावात राहावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आजी-आजोबा असतील तर पोरं मागं राहतात, शाळेत जेवतात, टिकतात. पण धाकट्या भावंडाला सांभाळायला म्हणून नऊ-दहा वर्षांची पोरगी हमखास सोबत नेली जाते. ती पाचरटाच्या कोपीवर तान्ह्याला घेऊन बसते, आई फडात असते. पाडव्याच्या आगेमागे ही पोरगी गावी परत येते तेव्हा वजाबाकी विसरलेली असते, काही जणी तर स्वतःचं नावही अडखळत लिहितात. मी त्यांना पुन्हा बाराखडीपासून घेऊन बसलेली आहे. महिनाभरात परीक्षा, आणि आठवीपर्यंत कुणाला मागं ठेवायचं नाही असा तेव्हा नियम, म्हणून ती वरच्या वर्गात.

या पोरीचं नाव वर्षभर हजेरीपटावर असतं. म्हणून ती शाळेत. माझा नातू अपूर्णांक सोडवतो, तो शाळाबाह्य. दोन मुलांची ही नोंद एकाच तालुक्यात, एकाच कागदावर होते, आणि तो कागद वर गेला की त्याचाच आकडा होतो. नातवाचं काही बिघडलं नाही. त्याची आई शिकलेली आहे, तो शिकणारच. खरा अन्याय त्या फडातल्या पोरीवर आहे. ज्या सर्वेक्षणानं तिला शोधायचं, त्याच सर्वेक्षणाला ती सापडत नाही, कारण कागदावर ती हरवलेलीच नाही. सगळेच शिक्षक असे नसतात. पोरं परत आणायला स्वतःच्या खर्चानं कारखान्यापर्यंत जाणारे गुरुजी मी पाहिलेत. पण रकाना तोच.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, असं त्यात म्हटलंय. न घालणाऱ्याला शिक्षा मात्र सांगितलेली नाही, आणि घरी शिकण्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. लेकीसारखी घरं या मोकळ्या जागेत राहतात.

शाळेचा उन्हाळा तारखांवर चालतो. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू होते, मग परीक्षा, मग १ मेला निकाल. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा थेट २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या, तेव्हा शिक्षक-पालक दोघंही चिडले होते. या उन्हात पोरांना वर्गात बसवायचं म्हणजे काय, हे आमच्या भागात येऊन बघावं. लेकीच्या घरी असली तारीखच नाही. होळी झाली की अभ्यास पहाटेकडे सरकतो, ओसरीवरून अंगणातल्या लिंबाखाली येतो. नऊ वाजले की वह्या बंद. दुपारी पोरं झोपतात किंवा वाचतात. चैत्र लागला की पुस्तक आपोआप मागं पडतं आणि बाहेरचंच सगळं पुढं येतं.

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा. दुसऱ्या दिवशी पालखी आमराईकडे जाते, तेव्हा चुन्याच्या रानात हजारो लोक चुनखडीचे खडे वेचतात. नातवानं विचारलं, काळ्या रानात पांढरा खडा येतो कुठून? लेकीनं उत्तर दिलं नाही. घरी आल्यावर स्वतःच्या बांधावरचे तसलेच खडे गोळा करायला लावले. पोरानं एक खडा वरवंट्यानं फोडला, भुगा बशीत घेतला, वर लिंबू पिळलं. बारीक फेस उठला. धाकटीनं बशीला कान लावला आणि ओरडली, “आज्जी, चुरचुर करायलंय!” मग मिठावर लिंबू, साखरेवर लिंबू, अंड्याच्या टरफलावर लिंबू. टरफलावर फेस आला, मिठावर नाही. दोघांनी तक्ता मांडला. काळ्या खडकातला चुना पावसाच्या पाण्यात उतरतो आणि पाणी आटलं की मातीत त्याचे खडे धरतात, हे त्यांना त्यानंतर कळलं. कॅल्शियम कार्बोनेट हा शब्द सगळ्यात शेवटी आला. मी इतकी वर्षं विज्ञान शिकवलं, पण शब्द आधी फळ्यावर लिहून शिकवलं. चाळीस पोरं समोर असली की असंच शिकवावं लागतं, हेही खरं.

चैत्र वद्यात तेरला गोरोबाकाकांची यात्रा. दर्शन झालं की लेकीच्या घरची मंडळी रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या संग्रहालयात जातात. तेर म्हणजे जुनं तगर, इथला माल गाड्यांवरून भडोचच्या बंदराला जायचा, हे पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय. नातवानं नकाशावर दोरा ठेवून तेर ते भडोच अंतर मोजलं. बैलगाडीला किती दिवस लागत असतील, यावर बापलेकांचा वाद दोन दिवस चालला.

मे महिन्यात पुण्याहून आत्याची पोरं येतात. ती आली की सगळा अभ्यास संपतो. कुरडयांचा चीक, विहिरीवर पोहणं, शेळीची करडं, रात्री अंगणात अंथरूण. त्या महिन्यात कुणाचंच नाव कुठल्या वर्गात नसतं. नातू अगदी खुलतो, गावातल्या पोरांत मिसळून जातो.

मग जूनचा मध्य येतो. नवी दप्तरं घेऊन पोरं रस्त्यानं निघतात आणि हा दारात उभा राहून बघतो. काही बोलत नाही. त्या वेळी मला वाटतं, घालावा याला शाळेत. लेकीनं कितीही चांगलं शिकवलं तरी मधल्या सुट्टीत डबा वाटून खाणं, भांडणं, शेजारच्याची वही बघून लिहिणं, हे ती एकटी कुठून आणणार? मघाशी मी तिची बाजू घेतली, ती मागं घेत नाही. पण हेही मला तितकंच खरं वाटतं.

लोक मालविका जोशीचं उदाहरण देतात. मुंबईची ही मुलगी सातवीत असताना शाळा सोडून घरी शिकली, संगणक ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली, २०१६ मध्ये अमेरिकेत एमआयटीत गेली. बारावीचा दाखला नव्हता म्हणून आयआयटीचं दार तिला बंद होतं. तिचं कौतुक आहेच. पण धाराशिवच्या पोरानं घरी शिकायचं तर एमआयटी गाठलीच पाहिजे, अशी अट का? घरी शिकवायचा विचार करणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, कागदाची सोय आधी बघा. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी, आठवी, दहावी, बारावीच्या परीक्षा आहेत. नातू पाचवीला तिथूनच बसणार आहे. आणि घरात दिवसाचे दोन-तीन तास मोकळं असणारं शिकलेलं माणूस नसेल, तर या वाटेला जाऊ नका. गावची शाळा बरी.

सर्वेक्षणाला निघणाऱ्या गुरुजी-बाईंना माझी विनंती आहे. रकाना वरून येतो, तो तुमच्या हातात नाही, हे मला कळतं. पण नाव हजेरीपटावर दिसलं म्हणून पुढच्या घरी जाऊ नका. पोरगी आत्ता कुठं आहे, एवढं विचारा, आणि रकाना नसला तर समासात लिहा.