मापात बसणारे चाक

वडिलांच्या पश्चात जळगावच्या त्या घरी त्यांची पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया उरली. धाकट्याला तिला रुबाबदार १७ इंची चाके हवी होती. धुळ्यात लॉराची जुनी चाके स्वस्तात मिळत होती. थोरल्याने कागद पुढे ओढला.

"ऑक्टाव्हियाचे पाच बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर, लॉराचे ११२च्या. ती बसणारच नाहीत रे!"

मग टायरचा हिशेब झाला. मूळ माप १९५/६५ आर १५ : रुंदी १९५ मिलिमीटर, टायरची भिंत रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंच. एकूण उंची सुमारे ६३४ मिलिमीटर. २२५/४५ आर १७ची उंचीही तेवढीच, म्हणून वेगदर्शक चुकत नाही. पण भिंत १२७वरून १०१वर येते. एरंडोल-पारोळ्याच्या वाटेवरचा प्रत्येक खड्डा मग रिमला आणि मागे बसलेल्या आईच्या दुखऱ्या कमरेला सोसावा लागणार.

धाकटा गप्प झाला. अखेर त्यानेच २०५/५५ आर १६ सुचवले : उंची ६३२, भिंत ११३. रिम घेताना त्याने बोल्टांचे वर्तुळ १०० आणि मधले छिद्र ५७.१ मिलिमीटर असल्याची खातरी केली.

पुढल्या रविवारी आई धुळ्याला लेकीकडे निघाल्या. पारोळा येण्याआधीच त्यांचा डोळा लागला होता.