रोवणीच्या दिवसांतला थकवा

आषाढ सरत आला की लाखांदूरकडच्या गावांत दुपारी माणूस भेटत नाही. दारं नुसती ओढून घेतलेली असतात आणि सारं गाव बांध्यांत असतं. पोटऱ्या बुडतील एवढा चिखल, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, बाया ओळीनं मागं मागं सरत रोवत जातात. हिरव्या रेघा पुढे उमटत राहतात. कुणीतरी गाणं उचलतं, पाऊस त्याला ताल धरतो.

मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या एका संस्थेची कार्यकर्ती म्हणून मी धुऱ्यावर उभी असायची. हातात नऊ प्रश्नांचा फॉर्म. नैराश्य तपासायला जगभर वापरतात तो, पीएचक्यू-9. मागच्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप कशी, भूक कशी, थकवा किती. प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27.

"रोवन्यात का झोप येत नाही मनता बाई? पाठ टेकली का मुर्दा!" एकजण म्हणाली नि रांग खिदळली. थकव्याचं विचारलं तर वर न बघताच उत्तर आलं, "तीन लिवा."

नवव्या प्रश्नाला मात्र रांगेच्या टोकाची एक बाई हसली नाही. जगणं नकोसं होतं का, एवढंच विचारलं होतं. तिनं पऱ्ह्याची पेंढी डाव्या हातात घट्ट धरली आणि रोवायचं थांबवलं. तिच्यापाशी बसायला हवं होतं. मी बसलेही. त्या दिवशीचे फॉर्म कमी भरले, आणि संध्याकाळी कार्यालयातून फोन आला, "ताई, टार्गेटचं काय?"

त्या महिन्याच्या अहवालात गावंच्या गावं उदास निघाली. दिवाळीच्या तोंडावर हलका धान घरात आला, त्याच बायांना तेच प्रश्न विचारले, तर आकडे आपसूक खाली उतरले होते. आमच्या कामामुळे झालेली सुधारणा म्हणून तो आलेख देणगीदारांपुढे गेला. मी संस्थेच्या प्रमुखांना म्हटलं, "सर, रोवणी संपली, म्हणून थकवा उतरला." सर फार मायेनं हसले. "ताई, तुम्हाला यश स्वीकारता येत नाही. यावर जरा स्वतःशी काम करा."

राईस मिलमधला मुकादम शिवी घालतो, तेव्हा ती शिवी आहे हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही कळतं. आमच्याकडे कुणी आवाज चढवत नसे. पगार दोन महिने अडला, असं म्हटलं की 'असुरक्षिततेची भावना' निघायची. रविवारी काम नको म्हटलं की 'सीमा आखण्यातला ताठरपणा'. तक्रार तोंडातून निघायची आणि टेबलावर पडेपर्यंत तिचं लक्षण झालेलं असायचं. लक्षणाला कुणी उत्तर देत नाही, त्याच्यावर उपचार करतात.

भिंतीवर पाच चेहऱ्यांचा तक्ता होता, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. सोमवारच्या बैठकीत प्रत्येकानं आपल्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. पहिल्या दोनांवर बोट गेलं की आत बोलावणं यायचं. शेवटच्यावर गेलं की काम वाढायचं. त्यामुळे सगळ्यांची बोटं मधल्या चेहऱ्यावर. त्याचा कागद तेवढ्या जागी काळवंडून गेला होता.

एका सहकारी मुलीनं वरिष्ठांशी बोलताना, वडील गेल्यापासून झोप लागत नाही, असं विश्वासानं सांगितलं. तिच्या अकरा महिन्यांच्या कराराची मुदत संपत आली, तेव्हा तेच वाक्य बैठकीत फिरलं : ती सध्या नाजूक आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधलं कलम 23 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. ते आम्ही गावोगावी समजावून सांगायचो.

हे भंडाऱ्यातच घडतं असं नाही. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं 1974 साली कामानं करपून जाण्यावर, म्हणजे बर्नआउटवर, पहिल्यांदा निबंध लिहिला, तो कारखान्यातल्या मजुरांवर नव्हता. न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या, झोकून देणाऱ्या माणसांवर होता. त्यात तो स्वतःही होता. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये या बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा तो आजार नव्हे, कामाच्या ठिकाणाशी जोडलेली अवस्था आहे असं म्हटलं. त्याच वर्षी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं स्वतःच नेमलेल्या बाहेरच्या तज्ज्ञांनी अहवाल दिला : मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या या संस्थेतलं वातावरणच विषारी आहे. काम मोठं असलं की ते करणाऱ्याचं दुखणं लहान वाटू लागतं. मग ते सांगणाराच कामाचा वैरी ठरतो.

"आपण एक कुटुंब आहोत," सर म्हणायचे. कुटुंबात पगार मागत नाहीत, एवढीच त्यातली मेख. आणि याची किंमत शेवटी धुऱ्यावर चुकती होते. ज्या कार्यकर्तीला स्वतःचं खरं बोलायची चोरी, ती दुसऱ्याचं खरं ऐकायला उसंत आणणार कुठून? पेंढी धरून थांबलेल्या बाईला पाच मिनिटं द्यायची की फॉर्म पुरे करायचे, हे तिच्या कळवळ्यावर ठरत नाही. ते कार्यालयातल्या कागदावर ठरतं.

साकोली-तुमसरकडच्या समाजकार्य शिकलेल्या मुली आता नोकरीआधी मला विचारतात. त्यांना मी ध्यानधारणा सांगत नाही. मुलाखतीत तुमची तळमळ तपासतील, तेव्हा तुम्हीही विचारा, असं सांगते : पगाराची तारीख कोणती, रजा किती, आणि तक्रार खुद्द सरांविरुद्ध असेल तर ती ऐकणार कोण? प्रश्नानंच कुणाला राग आला, तर उत्तर मिळालं. उठा, आणि मिळेल त्या एसटीनं घरी या.