कृष्णविवराचा वारा आणि चुकलेला आकडा

शुक्रवारी रात्री प्रॉडक्शनवर कॉन्फिग फाईल टाकली, तीत एक आकडा चुकला. चूक माझीच. अडीचला फोन, पहाटेपर्यंत निस्तरणं. शनिवारी म्हटलं, कामाशी काडीचाही संबंध नसलेलं काहीतरी वाचू. कृष्णविवरांचे वारे! तर तिथेही तेच आडवं आलं...

आधी वारा. कृष्णविवर सगळं गिळतं असं आपण ऐकत आलोय. पण आत पडणारा वायू इतका तापतो, उजळतो, की त्यातला काही बाहेरच भिरकावला जातो. हा वारा थेट दिसत नाही. मागून येणाऱ्या क्ष-किरणांपैकी ठरावीक ऊर्जेचे किरण वाऱ्यातलं लोखंड खातं आणि वर्णपटात खड्डा पडतो. एकच इलेक्ट्रॉन उरलेल्या लोखंडाचा खड्डा ६.९७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला. वारा आपल्याकडे येत असेल तर तो वर सरकतो. किती सरकला, त्यावरून वेग.

हे बारकाईने मोजणारं यंत्र म्हणजे कमाल आहे. एक फोटॉन आपटल्यावर छोटासा तुकडा किती तापला ते मोजायचं! त्यासाठी त्याला निरपेक्ष शून्याच्या जेमतेम ०.०५ अंश वर ठेवायचं. जपानचा २००० सालचा प्रयत्न उड्डाणातच गेला. २००५ मध्ये 'सुझाकू'तला द्रव हेलियम महिन्याभरात उडून गेला. २०१६ मध्ये 'हितोमी'. यंत्र झकास चाललं. आणि २६ मार्चला उपग्रहाला वाटलं, आपण फिरतोय. फिरत नव्हता. ते थांबवायला गेला आणि खरंच फिरायला लागला. सावरायला थ्रस्टर पेटले, पण त्यांचे उड्डाणानंतर पाठवलेले पॅरामीटरच चुकीचे होते, नीट न तपासलेले. गरगरत उपग्रह तुटला.

पोटात गोळा आला. आमच्याकडे निदान रोलबॅक होता हो.

२०२३ मध्ये त्यांनी पुन्हा तसंच यंत्र बांधून 'क्रिझम'वरून पाठवलं. यावेळी यंत्रापुढची झडप उघडली नाही (!), पण लोखंडाच्या खुणा तिच्यातूनही आरपार येतात. मार्च २०२४ मध्ये त्याने पीडीएस ४५६ हा क्वेसार पाहिला. पूर्वी एकच रुंद खड्डा दिसायचा, आता निदान पाच वेगळे निघाले, प्रकाशाच्या २० ते ३० टक्के वेगाचे. म्हणजे वारा सलग नाही, गोळ्यागोळ्यांचा आहे. २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं.

असो. सोमवारी मला चुकीचा रिपोर्ट द्यायचाय. हितोमीचा चौकशी अहवाल जपानी संस्थेने तेव्हाच जाहीर केला होता, तो शेजारच्या टॅबमध्ये उघडून ठेवलाय.