करंजाची निवटी

मुलांनो, सुट्टीत कुठे जायचं असा प्रश्न घरात निघाला की माथेरान, महाबळेश्वर अशी नावं पुढे येतात. मी आज तुम्हाला नेणार आहे ते गाव त्या यादीत कधीच नसतं. त्याचं नाव करंजा. पनवेलहून एसटीनं उरणला यायचं आणि तिथून रिक्षा करायची. मुंबईच्या मुलांनी नेरुळहून किंवा बेलापूरहून थेट उरणची लोकल पकडावी. १२ जानेवारी २०२४ रोजी ती उरणपर्यंत सुरू झाली, नाहीतर आधी भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं मोऱ्याला उतरण्याची धमाल होती. ती धमाल मी सोडू नका असंच सांगेन!

करंजा आलं हे नाकालाच आधी कळतं. बांबूच्या खांबांना दोऱ्या बांधून त्यावर बोंबील वाळत घातलेले असतात. नाक मुरडू नका हं, पाच मिनिटांत सवय होते. डावीउजवीकडे जाळी पसरलेली, मागे द्रोणागिरीचा डोंगर आणि समोर धरमतरच्या खाडीचं तोंड. पलीकडच्या तीरावर रेवस दिसतं, तिथून अलिबागकडे जायचा रस्ता लागतो. द्रोणागिरी हे नाव कसं पडलं? हनुमंत संजीवनीचा डोंगर घेऊन जाताना त्याचा एक तुकडा इथे पडला, असं इथली माणसं सांगतात. खरं म्हणाल तर हा डोंगर आपल्या सह्याद्रीसारखाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा दगड.

पूर्वी हे सगळं बेटच होतं. पोर्तुगीज इथे होते, मग मराठे आले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी आणि घारापुरीबरोबर करंजाही इंग्रजांकडेच राहिलं. एवढ्याशा गावाचं नाव तहात यावं, म्हणजे पाहा! इंग्रजांच्या काळात उरण हा पनवेल तालुक्याचाच एक पेटा होता. आता तो रायगड जिल्ह्यातला स्वतंत्र तालुका आहे.

या गावात मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवायला आले होते. चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. गणितात यथातथाच, पण पाटीच्या मागे सतत मासे काढायची. एकदा तिनं निवटी काढली होती. निवटी माहीत आहे ना? ओहोटीला खाडीच्या चिखलात सरपटणारा, उड्या मारणारा मासा. त्याचे डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे उभे असतात आणि अंगावर निळसर ठिपके चमकतात. मी रागावले, "हे काय गणित आहे का?" ती म्हणाली, "बाई, ठिपके मोजलेत मी."

ती मुलगी आता तेवीस वर्षांची आहे आणि दागिने घडवते. सराफाची पेढी नाही की दुकान नाही. करंजाच्या घरातल्या माडीवर एक टेबल, एक दिवा, दसपट मोठं दाखवणारं भिंग आणि रंगाच्या बाटल्या. मुंबईत दागिन्यांच्या डिझाइनचा अभ्यासक्रम पूर्ण करून ती परत गावी आली. अशा लोकांना स्वतंत्र डिझायनर म्हणतात. एक दागिना एकदाच करायचा, तसा दुसरा करायचा नाही. असं काम करणारी काही माणसं जगभर गाजली आहेत. मुंबईचे विरेन भगत वर्षाला अगदी मोजके दागिने घडवतात. पॅरिसमध्ये जोएल आर्थर रोझेन्थाल आहेत. त्यांच्या चारशेहून जास्त दागिन्यांचं प्रदर्शन २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात भरलं होतं. चित्रकाराची चित्रं लावतात ना, अगदी तसं. आमची करंजाची मुलगी एवढी मोठी नाही, अजून तिला नावही नाही. पण काम त्याच जातीचं.

मागच्या रविवारी मी तिच्याकडे गेले आणि दिवसभर राहिले. दागिना कसा होतो, हे मला तेव्हा कळलं.

आधी चित्र. ते खऱ्या दागिन्याएवढंच काढायचं, मोठं नाही, छोटं नाही. मग त्याचा मेणाचा नमुना. तो नमुना ओल्या प्लास्टरमध्ये पुरून भट्टीत तापवला की मेण वितळून निघून जातं आणि आत पोकळी उरते. त्या पोकळीत वितळलेलं सोनं ओततात. हे काम ती झवेरी बाजारातल्या कारागिरांकडून करून घेते. मग घासणं, आणि सगळ्यात शेवटी खडे बसवणं. खड्याभोवती सोन्याची जी कड वळवतात तिला कोंदण म्हणतात. "शब्दाला कोंदण मिळालं" असं आपण बोलतो ना, ते इथूनच आलं.

खड्यांच्या पुड्या तिनं माझ्यापुढे उघडल्या आणि मी लहान मुलीसारखी बघत बसले. पांढऱ्या कागदावर लाल, निळे, पिवळे दाणे! तुम्हाला गंमत सांगते. माणिक आणि नीलम हे दोन्ही एकच दगड आहेत, कुरुंद. आपल्याकडे धार लावायला कुरुंदाचा दगड वापरतात, तोच. अगदी शुद्ध असला तर तो बिनरंगी असतो. त्यात चिमूटभर क्रोमियम मिसळलं की लाल होऊन माणिक बनतो आणि लोखंड नि टायटॅनियम मिसळलं की निळा नीलम. म्हणजे रंग येतो तो भेसळीमुळे! इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दसुद्धा आपल्याच देशातून गेलेला आहे.

पाचूची गोष्ट आणखी लांबची. उत्तम पाचू दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात सापडतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते तिथून बाहेर नेले, पोर्तुगीजांनी गोव्याला आणले आणि मग ते मुघलांच्या दरबारात पोचले. आणि आपलं महाराष्ट्र? दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय की पैठणहून गाड्या भरभरून रंगीत पट्ट्यांचे आकीकासारखे दगड भडोचच्या बंदराला जात. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांतच हे आकीक तयार होतात. नाशिकजवळ सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, तिथे अशा पोकळ्यांतले सुंदर स्फटिक मांडलेत. आईबाबांना सांगून एकदा जरूर जा.

वजनाचं एक सांगायचं राहिलं. खड्याचं वजन कॅरटमध्ये मोजतात. एका ग्रॅमचे पाच कॅरट. हा शब्द आला कॅरोब नावाच्या झाडाच्या बीवरून. आपल्या सोनारांकडेही बीच होती, लाल अंगाची काळ्या तोंडाची गुंज. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तर सांगा बरं, एका तोळ्यात गुंजा किती?

आता मुख्य गोष्टीकडे येते. ही गोष्ट तिनं मला सहजासहजी सांगितली नाही. तिच्या आजीनं सांगितली, दुपारी जेवताना, मांदेलीचं सुकं ताटात वाढता वाढता.

झवेरी बाजारात खडे 'जांगड' देतात. म्हणजे आत्ता पैसे द्यायचे नाहीत, चिठ्ठीवर सही करून खडा न्यायचा, गिऱ्हाईक पटलं तर पैसे भरायचे, नाहीतर खडा जसाच्या तसा परत करायचा. सगळा व्यवहार शब्दावर चालतो. हिनं पहिल्या मोठ्या कामासाठी असाच एक पाचू जांगड आणला, सव्वादोन कॅरटचा. पाचू दिसायला दिमाखदार, पण आतून नाजूक. त्याच्या पोटात बारीक बारीक भेगा असतात. त्या दिसू नयेत म्हणून त्यात तेल मुरवतात. बहुतेक सगळे पाचू असे तेल घातलेलेच असतात. कारागीर कोंदण दाबत होता आणि एका भेगेवर जोर आला. टच्‌ असा आवाज झाला. पाचूचे दोन तुकडे.

कारागिरानं आधीच सांगितलेलं असतं की पाचू फुटला तर जबाबदारी माझी नाही. या धंद्यातली ती रीतच आहे. गिऱ्हाईकानं काम रद्द केलं. मुलगी फुटका खडा घेऊन घरी आली आणि दोन दिवस माडीवरून खाली उतरली नाही. तिच्या चार महिन्यांच्या कमाईएवढी त्या खड्याची किंमत होती. तेव्हा जुलै महिना होता. कोळ्यांच्या घरात जुलै म्हणजे काय, हे शहरातल्या मुलांना ठाऊक नसेल. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. होडी वर ओढलेली, इंजिनाची दुरुस्ती निघालेली, हातात रोकड नाही. अशा वेळी घरातलं सोनं हीच बँक. कोळणींच्या अंगावरच्या एकदाणी नि बोरमाळा नुसत्या मिरवायला नसतात, बरं का. पावसाळ्यात त्या गहाण पडतात आणि होडी चालू लागली की सुटून परत येतात.

एकदाणी इंजिनासाठी आधीच गेलेली होती. राहिली होती आजीची नथ. लग्नातली, मध्यभागी लाल माणिक. ती आजीनं काढून नातीच्या हातात दिली. या वेळी गहाण नव्हे, मोडायला.

सोनारानं नथ मोडण्याआधी खडा काढला आणि भिंगाखाली धरला. मुलीनंही धरला. आत गोल गोल बुडबुडे होते. काचेत असे बुडबुडे सापडतात, माणकात सापडत नाहीत. सोन्याचं वजन झालं, पैसे मिळाले, जांगडीची चिठ्ठी फिटली. लाल काच कागदाच्या पुडीत परत आली.

"मी आजीला सांगणार नव्हते, बाई," मुलगी मला म्हणाली. "पन्नास वर्षं ती त्याला माणिक म्हणत होती." तरी तिनं सांगितलं. कसं सांगितलं ते मी विचारलं नाही. आजी मात्र माझ्यासमोर हसून म्हणाली, "मना म्हाईत व्हता गो. तुझ्या आज्याकडं तवा माणकाचं पैसं कुठनं येतील?" मला वाटतं, आजी खरं बोलत होती. पण नातीला बरं वाटावं म्हणूनही तसं म्हणाली असेल. इतक्या वर्षांत मला मुलांची थाप लगेच कळते, म्हाताऱ्या माणसांची अजून कळत नाही.

त्या फुटक्या पाचूचं पुढे काय झालं? पैसे भरल्यामुळे तुकडे आता तिचे होते. तिनं ते पैलू पाडणाऱ्याकडे नेऊन पुन्हा घडवून घेतले. दोन्ही मिळून जेमतेम एक कॅरट भरले, बाकीचा पाचू भुकटी होऊन गेला. आणि मग तिनं केली निवटी. साडीच्या पदराला लावायची पिन, बोटाच्या दोन पेरांएवढी. अंग काळपट चांदीचं, चिखलातून नुकतं वर आल्यासारखं. अंगावर राईच्या दाण्याएवढे नीलम. डोक्यावर उभे दोन हिरवे डोळे. मी ठिपके मोजले. एकवीस. "चौथीतले तेवढेच होते का गं?" असं विचारल्यावर ती नुसती लाजली.

निवटीबरोबर तिनं एक कार्ड ठेवलंय, स्वतःच्या अक्षरात. त्यावर लिहिलंय: नीलम, तापवून रंग खुलवलेले. पाचू, तेल मुरवलेला, एका फुटलेल्या खड्याचे दोन भाग. बाजारातल्या एका जाणत्या माणसानं तिला समजावलं होतं की एवढं लिहू नकोस, गिऱ्हाईक बिचकतं. एक गिऱ्हाईक खरंच बिचकलं, कार्ड वाचून निवटी खाली ठेवून गेलं. पालकांनो, हे तुमच्यासाठीही सांगते. दागिन्यावर हॉलमार्कचा शिक्का असतो तो सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याविषयी काही सांगत नाही. खड्याचं प्रमाणपत्र वेगळं मागून घ्यावं लागतं.

संध्याकाळी आम्ही तिघी धक्क्यावर गेलो. रेवसची लाँच भरत होती, कुणाच्या हातात टोपल्या, कुणाची मोटरसायकलसुद्धा चढवत होते. ओहोटी लागलेली होती आणि कडेच्या चिखलात खऱ्या निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या. मी आजीला विचारलं, तो लाल खडा कुठे आहे? तिनं कमरेचा बटवा सोडून दाखवला. सुपारीच्या खांडांमध्ये पुडी होती.

"नवी नथ करनार हाय ही," ती नातीकडे बघून म्हणाली. "याच खड्याची. मी बोल्ले, आधी ती निवटी इकू दे."

निवटी अजून विकली गेलेली नाही.